भिंतीसाठी दोन्ही रंग क्रीमच, मग घ्यायचा कोणता?

शेडकार्डावर, म्हणजे दुकानातल्या रंगांच्या नमुना-कार्डावर, ठरवू नका, भाऊ. दोन्ही रंगांचे छोटे सॅम्पल डबे आणा, दोन-दोन फुटी पांढऱ्या पुठ्ठ्यांवर दोन हात मारा. ओला रंग बघून मत बनवायचं नाही. इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यातला रंग, वाळलं की बहुतेकदा थोडं गडद होतं. शेजारी कोरा पांढरा कागद धरा, कुणात पिवळी झाक आणि कुणात राखाडी ते लगेच कळतं.

मग पुठ्ठे भिंतीभिंतीवर फिरवा. आपल्या सोलापूरचं ऊन काय सांगायचं! पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी पिवळी झाक अंगावर येते, तिथं मी राखाडी झाकेचाच घेईन. खाली शहाबादी फरशी असली तर मात्र तोच मळकट वाटतो. रात्री ट्यूब लावून पुन्हा बघा. दिवे बदलायचे असतील तर ते आधी बदला, रंग नंतर.