जमादिलावल की जुमादा अल्-ऊला?

प्रश्न असा आला आहे: 'लष्कर भागात अरबीच्या वर्गाला जाते. बाईंनी हिजरी महिने पाठ करायला सांगितले. मला वाटलं, मोडीच्या वर्गात झालेत की सगळे! पण मी "जमादिलावल" म्हटल्यावर बाईंनी "जुमादा अल्-ऊला" असं दुरुस्त केलं. मग पेशवेकालीन पत्रांतलं रूप चूक म्हणायचं का? आणि बारा महिने घोकून भाषा कितीशी येणार?'

अरबीपुरतं बाईंचं बरोबर आहे. जुमादा हा शब्द अरबीत स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी: ऊला, म्हणजे पहिली. रबी पुल्लिंगी, म्हणून त्याच्यापुढे अव्वल. आपल्याकडे ही नावं फारसीतून आली आणि फारसीला लिंगाची भानगडच नाही. तिथे दोघांनाही अव्वल लागलं, आणि आपल्या कारकुनांनी सगळं एका दमात ओढून रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर केलं. मराठी म्हणून ही रूपं पक्की आहेत. पेशवे दफ्तरात 'ऊला' शोधायला जाऊ नका. 'अव्वल कारकून'मधला अव्वल आणि महिनाअखेरीतला अखेर तुम्हाला आधीच येतात, म्हणजे विशेषण नामाच्या मागून येतं हा अरबीचा नियम चार महिन्यांत फुकट पदरात पडला.

भाषा कितीशी येणार, याचं उत्तर धातूंत आहे. मोहरम, हराम आणि हरम ही एकाच ह-र-म धातूची भावंडं. मूळ अर्थ निषिद्ध, म्हणूनच पवित्रही. जिल्कादमधला क-अ-द म्हणजे बसणं. त्याच धातूपासून 'काइदा', म्हणजे बैठक, पाया, आणि तोच आपला कायदा. (सरकारी कायदे बसूनच राहतात ते उगीच नाही.) जिल्हेजमध्ये हज सरळ दिसते. रबी म्हणजे वसंत, आणि रबी हंगामातलं रबी तेच. मात्र हिजरी वर्ष चंद्राचं, साधारण ३५४ दिवसांचं, दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकणारं. त्यामुळे रबिलावल भर पावसाळ्यातही येतो आणि शेतकऱ्याची रबी जागची हलत नाही.

उच्चारात मात्र मराठी कान दगा देतो. सफर महिन्यातला स वेगळा, जड; रिकामं असण्याशी नातं सांगणारा, शून्याला अरबीत सिफ्र म्हणतात त्यातला. सहलीच्या सफरीतला स साधा. आपण दोन्ही एकाच स-मध्ये कोंबले. ज-ची तर आणखी मौज. रमजान, हजर, अर्ज, काजी, राजी यांतला ज अरबीत जड द-सारखा आहे, म्हणून अरब 'रमदान' म्हणतो. जिल्हेजमधले दोन ज-सुद्धा एकमेकांचे कोणी लागत नाहीत: पहिला इंग्रजी 'this'मधल्या th-सारखा, शेवटचा खरा ज. एका नावात दोन अक्षरांची ओळख.

पण मोडी येत असेल तर महिन्यांवर थांबू नका, पत्रातलं वर्षही मोठ्यानं वाचा. शुहूर सन, आपली अरबी साल, मृग लागला की बदलणारी. पानिपत झालं ते १७६१चं साल पत्रात येतं 'इहिदे सितैन मया व अलफ' असं: एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. त्यात ६०० मिळवले की जानेवारी ते मे या महिन्यांचा इसवी सन मिळतो. मृगानंतरच्या तारखेला ५९९. एकं आधी, दहं मागून, हे अरबी वळण आपल्याला परकं नाही. आपणही एकसष्टच म्हणतो, साठ-एक नाही. आता 'इहिदे' पाहा. एक या अर्थी अरबीत पुल्लिंगी वाहिद किंवा अहद. इहदा हे स्त्रीलिंगी रूप, कारण 'सना', म्हणजे वर्ष, स्त्रीलिंगी. ज्या फडात जुमादाचं स्त्रीलिंग हरवलं, त्याच फडातल्या माणसानं वर्षाचं स्त्रीलिंग, बहुधा नकळत, अचूक जपलं.

पुढच्या तासाला बाईंना जमादिलावल ऐकवू नका, इहिदे सितैन ऐकवा.