ठाण्यातून बोलावणं आलं तर

वकील म्हणून तुला अशिलाच्या केसवरून पोलीस ठाण्यातून फोन आला तर उठून निघू नकोस, लेखी समन्स माग. अशिलाची माहिती वकिलाकडून काढायची, तर सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालाप्रमाणे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चा (वकील-अशील गोपनीयतेचा) कोणता अपवाद लागतो, हे समन्समध्येच तथ्यांसह लिहिलेलं हवं. शिवाय एसपी किंवा वरच्या अधिकाऱ्याची लेखी मंजुरी. इंदुरात पोलीस आयुक्तालय आहे, म्हणून एसपीच्या दर्जाच्या डीसीपीची (पोलीस उपायुक्ताची) सही बघ; ठाणेदाराची पुरत नाही. यातलं काही नसेल तर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ५२८ खाली थेट उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जा.

फोन, लॅपटॉप ठाण्यात देऊ नकोस; ते न्यायालयापुढेच हजर करायचे. इतर अशिलांची गुपितंही त्यातच असतात! तुलाच आरोपी धरून बीएनएसएस ३५(३) ची, पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस आली, तर मात्र गैरहजर राहू नकोस, त्यावरून अटक होऊ शकते.