शेवटच्या दहा सेकंदांत अडकलेला मुलगा

"टीम हरली म्हणून मुलगा चार दिवस धड जेवत नाही, लेक्चरला जात नाही, फोन उचलत नाही. हे नुसतं वेड म्हणायचं की आजार?"

मुलं अमेरिकेत शिकत असलेल्या मराठी आईवडिलांचा हा प्रश्न आम्हा समुपदेशकांकडे साधारण दसरा-दिवाळीच्या सुमाराला येतो. कॉलेज फुटबॉलचा हंगाम तेव्हा ऐन भरात असतो. फुटबॉल म्हणजे तिथला, अंडाकृती चेंडूचा. खाली दिलेली केस २०१५ च्या ऑक्टोबरमधली. ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदलले आहेत.

मुलगा ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला, वय एकोणीस. आईवडील पाऊण तासाच्या अंतरावर, डेट्रॉइटच्या उपनगरात. आईचा फोन बुधवारी आला. सामना शनिवारी, १७ ऑक्टोबरला झाला होता. मधल्या चार दिवसांत वडिलांनी मुलाला दोन वाक्यं ऐकवली होती. पहिलं, "अरे, खेळच तर आहे." दुसरं, "एवढा जीव अभ्यासात ओतला असतास तर..." दुसऱ्या वाक्यानंतर मुलाने फोन घेणं बंद केलं.

आधी सामना समजून घ्यायला हवा. समोरच्याला नेमकं काय लागलंय ते ठाऊक नसेल तर सल्ला पोकळ वाटतो. मिशिगन विरुद्ध मिशिगन स्टेट, एकाच राज्यातले दोन शेजारी. त्याआधीचे सलग तीन सामने मिशिगनने प्रतिस्पर्ध्याला एकही गुण न देता जिंकले होते. नवा प्रशिक्षक, बऱ्याच वर्षांनी आलेली उमेद आणि घरच्या मैदानावर लाखाहून जास्त माणसं. मिशिगन २३, स्टेट २१, घड्याळात दहा सेकंद. आता मिशिगनला चेंडू फक्त लांब लाथाडायचा होता, त्यालाच पंट म्हणतात. पंट करणाऱ्या ब्लेक ओनीलच्या हातातून मागे आलेला चेंडू निसटला. तो उचलून मारायच्या धडपडीत चेंडू उडाला तो थेट स्टेटच्या जेलन वॉट्स-जॅक्सनच्या हातात. तो ३८ यार्ड पळत गोलरेषेपार गेला, सहा गुण मिळाले, घड्याळ शून्यावर आलं आणि स्टेट २७-२३ ने जिंकलं. त्या सामन्यात तोवर एक क्षणही स्टेट आघाडीवर नव्हतं. जिंकवून देणाऱ्या वॉट्स-जॅक्सनचाही त्याच धावेच्या शेवटी खुबा निखळला, हाड मोडलं आणि शस्त्रक्रिया करावी लागली.

असा पराभव वीस गुणांनी झालेल्या पराभवापेक्षा जास्त का छळतो? वीस गुणांनी हरल्यावर मनाला बदलायला जागाच सापडत नाही. इथे एक गोष्ट बदलली की सगळं बदलतं. ऑलिंपिकमधल्या रौप्यपदक विजेत्यांपेक्षा कांस्यवाले जास्त खूश दिसतात, हे १९९५ मध्ये मेडवेक, मॅडी आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं ते याच कारणाने. रौप्यवाला सुवर्णाकडे बघत असतो, कांस्यवाला पदक हुकलेल्या चौथ्याकडे. आपल्याकडे "थोडक्यात हुकलं" म्हणताना जो सुस्कारा निघतो, तोच हा.

वडिलांना हे पटवायला संशोधन लागलं नाही. त्यांना एवढंच विचारलं, "शारजा?" १८ एप्रिल १९८६, शेवटचा चेंडू, पाकिस्तानला चार धावा हव्यात, मियाँदादचा षटकार. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "चेतन शर्मा. फुलटॉस." एकोणतीस वर्षं झाली होती. त्याच चेतन शर्माने पुढच्याच वर्षी नागपुरात विश्वचषकातली पहिली हॅट्‌ट्रिक घेतली, ती मात्र त्यांना आठवून द्यावी लागली. "खेळच तर आहे" हे वाक्य त्यांनी नंतर वापरल्याचं ऐकिवात नाही.

शुक्रवारी मुलगा आला. आदल्या दिवशी दसरा होता, आईने निरोप धाडूनही तो घरी गेला नव्हता. पहिली दहा मिनिटं सामन्याचा विषय न काढता फक्त चार आकडे विचारले: रात्री किती तास झोप, दिवसात किती जेवणं, किती लेक्चर बुडाली, दारू किती. झोप चार-पाच तास, जेवण एकदा, सहा लेक्चर बुडाली, दारू शनिवारी रात्री, नंतर नाही. पाचवा आकडा त्याच्या फोनमध्येच होता. शनिवार रात्रीपासून सुमारे एकोणीस तास त्याच शेवटच्या दहा सेकंदांच्या क्लिपा आणि त्यावरच्या चर्चा यांत गेले होते. झोप उडाल्याचं अर्धं कारण तिथेच सापडलं. मन दमून शांत व्हायला बघतं, आणि आपण रात्री दोन वाजता त्याला पुन्हा त्याच मैदानावर नेऊन उभं करतो. भरीस भर म्हणजे पुढच्या शनिवारी मिशिगनला सुट्टी होती. सामना असता तर मन निदान पुढे सरकलं असतं. हरल्यानंतरचा रिकामा शनिवार वाईट, हे या खेळाचे जुने प्रेक्षकही सांगतात.

मग कागद दिला आणि डोक्यात फिरणारे सगळे "जर" लिहायला सांगितले, एका ओळीत एक. अकरा निघाले. प्रत्येकापुढे तो सामन्यात कधी घडला ते लिहायचं. आठ शेवटच्या दहा सेकंदांतले होते. साठ मिनिटांच्या सामन्यात पहिल्या पन्नास मिनिटांतला एकही नाही. मन साखळीची शेवटची कडी धरून ओढतं, कारण ती सगळ्यात सोपी. एक "जर" तर असा होता: "मी तेव्हा उठून उभा राहिलो नसतो तर." पूर्ण चौथा क्वार्टर, म्हणजे सामन्याचा शेवटचा पाव भाग, बसून काढला होता आणि पंटच्या वेळी उठला म्हणून घात झाला, असं त्याला मनापासून वाटत होतं. असल्या समजुतीची टिंगल करायची नसते. भारताची बॅटिंग चालू असताना जागा न बदलणाऱ्या घरात तो वाढला होता.

त्यानंतर तिसरा रकाना: कोणाच्या हातात होतं? ही पायरी घाईत उरकली की फसते. "बघ, तुझ्या हातात काहीच नव्हतं" असं समुपदेशकानेच सांगून टाकलं तर मुलगा मान डोलावतो आणि घरी जाऊन पुन्हा क्लिप लावतो. त्याने स्वतः लिहायला हवं. त्याने दहा ओळींपुढे "माझ्या नाही" लिहिलं. अकरावी ओळ हाताखाली झाकली.

ती ओळ सामन्याबद्दल नव्हतीच. सामना संपल्यावर अर्ध्या तासात त्याने ओनीलच्या सोशल मीडियावरच्या खात्यावर एक अत्यंत घाणेरडी ओळ लिहिली होती. वीस मिनिटांनी पुसली. ओनीलला त्या रात्री जिवे मारण्याच्या धमक्यांपर्यंत काय काय आलं, याच्या बातम्या दुसऱ्या दिवशी झळकल्या. विद्यापीठाचे हंगामी क्रीडासंचालक जिम हॅकेट यांनी उघडं पत्र लिहून ही भाषा थांबवायला सांगितलं. ते पत्र मुलाने वाचलं आणि ते आपल्यालाच उद्देशून आहे असं त्याला वाटलं. अन्न जात नव्हतं ते इथून पुढे.

चाहत्यांच्या केसमध्ये ही गाठ बऱ्याचदा सापडते. पराभवाचं दुःख दोन-तीन दिवसांत ओसरतं. उरते ती पराभवानंतर आपण काय केलं त्याची लाज: शिवी, मित्राला मारलेला धक्का, घरच्यांवर काढलेला राग, पैजेत घालवलेले पैसे. आणि ती "मॅचचं टेन्शन" या नावाखाली लपते. म्हणून "सामना संपल्यावर पहिल्या दोन तासांत काय काय केलंस?" हा प्रश्न विचारायचाच.

माफीचं पत्र लिहायचं ठरलं, पण सोशल मीडियावर नाही. ज्याच्या खात्यावर आधीच पूर आलाय तिथे आणखी एक संदेश म्हणजे आपलं ओझं त्याच्या अंगावर टाकणं. कागदावर लिहायचं, चोवीस तास ठेवायचं, मग "मी" ने सुरू होणारी वाक्यं मोजायची. पहिला मसुदा दीड पानाचा होता आणि त्यात बहुतेक स्वतःचंच दुःख होतं. दुसरा पाच ओळींचा झाला: काय केलं, ते चूक होतं, माफ करा. तो टपालाने गेला. उत्तराची वाट बघायची नाही, हे आधीच सांगितलं होतं. ते आलंही नाही.

बाकीचं काम कंटाळवाणं होतं, आणि उपयोग त्याचाच झाला. रात्री अकरानंतर फोन खोलीबाहेर, चार्जर कॉरिडॉरमध्ये. सामन्याबद्दल वाचायचं-बोलायचं ते संध्याकाळी पंचवीस मिनिटं, शक्यतो समोरासमोर बसलेल्या माणसाशी. सकाळी भूक असो-नसो, उठल्यापासून तासाभरात काहीतरी खायचं. पुढच्या आठवड्याचे १६८ तास कागदावर भरायचे: झोप, वर्ग, लॅब, कॅन्टीनमधली अर्धवेळ नोकरी, कपडे धुणं. ही शेवटची युक्ती व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका प्रयोगावरून घेतली आहे. टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवलं की सामन्याच्या निकालाने आपण किती दिवस सुखी किंवा दुःखी राहू याचा अंदाज विद्यार्थी फुगवून करतात, पण आधी इतर कामांची रोजनिशी भरायला लावली तर तो फुगवटा कमी होतो. मुलाने रकाने भरले तेव्हा कपडे धुण्याला जागाच उरली नव्हती, यावर तो पहिल्यांदा हसला.

आईवडिलांसाठी दोनच सूचना होत्या. "का?" विचारायचं नाही, "किती वाजता झोपलास?" विचारायचं. आणि समजूत घालायला फोन न करता डबा घेऊन जायचं, अर्धा तास बसायचं, परत यायचं. रविवारी वडील एकटेच गेले. पुरणपोळ्या होत्या. गाडीत बसून शारजाचं बोलले, असं मुलाकडून कळलं.

आता आजाराचं. दोन आठवडे उलटूनही झोप, जेवण किंवा वर्ग रुळावर येत नसतील, दारू रोजची झाली असेल, किंवा हरल्याचं निमित्त होऊन जुनं काही उफाळून आलं असेल, तर तो चाहतेपणाचा प्रश्न राहत नाही. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात जायला सांगावं. जगण्यात अर्थ नाही असं एकदा जरी बोलला तरी त्याच दिवशी हेल्पलाइनला फोन: अमेरिकेत ९८८, भारतात टेलि-मानस १४४१६. पैजेचा प्रश्न २०१५ मध्ये आम्ही शेवटी विचारायचो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर एकेका राज्यात मोबाइलवर पैजा खुल्या झाल्या, मिशिगनमध्ये जानेवारी २०२१ पासून. आता तो आधी विचारावा लागतो. लग्न झालेल्या चाहत्याच्या बाबतीत जोडीदाराशी वेगळं बोलावंच. कार्ड आणि डाल या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या आकड्यांवरून दाखवलंय की जिंकणार असं वाटणारी घरची टीम हरली की पुरुषांकडून बायको-मैत्रिणीवर होणारी मारहाण सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. सामना अटीतटीचा होणार हे आधीच ठाऊक असेल तर तशी वाढ फारशी दिसत नाही. हरण्यापेक्षा अपेक्षाभंगाचा घाव मोठा.

३१ ऑक्टोबरला मिशिगनचा पुढचा सामना मिनेसोटाशी होता. मिशिगन २९-२६ ने पुढे, मिनेसोटा गोलरेषेपासून एका यार्डावर, दोन सेकंद शिल्लक, आणि तिथे त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा खेळाडू, अडवला गेला. रात्री उशिरा मुलाचा आईला मेसेज आला: "जिंकलो. पण त्यांच्या क्वार्टरबॅकचं वाईट वाटतंय. झोपतो."

आईने लगेच विचारलं, "जेवलास का?" उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं.