अल्सरवर प्रतिजैविके कशासाठी?

प्रश्न : माझ्या वडिलांना जठरात अल्सर झाला आहे. तिखट खाण्यामुळे आणि सततच्या काळजीमुळे अल्सर होतो, असे आम्ही ऐकत आलो; डॉक्टरांनी मात्र आम्ल कमी करणाऱ्या गोळीबरोबर दोन प्रतिजैविके १४ दिवसांसाठी दिली आहेत. अल्सर हा जंतुसंसर्ग आहे का?

उत्तर : अल्सर ही जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या अस्तराला पडलेली जखम असते आणि तिच्यामागे बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या असतात. तिखटाने जळजळ वाढू शकते, पण जखम होण्याचे ते मूळ कारण नव्हे.

जठरातल्या तीव्र आम्लात जिवाणू तग धरूच शकत नाहीत, अशी वैद्यकातील समजूत दीर्घकाळ पक्की होती. हा जिवाणू मात्र युरिएज नावाच्या विकराने (एन्झाइमने) युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतो, त्यामुळे त्याच्या भोवतालचे आम्ल सौम्य होते आणि तेवढ्या अवधीत तो अस्तरावरच्या चिकट श्लेष्म्यात शिरतो. श्वासाची तपासणी याच गुणधर्मावर आधारलेली आहे : रुग्णाला खूण केलेला कार्बन असलेला युरिया पाजतात आणि तोच कार्बन उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमध्ये सापडला, तर जिवाणू जठरात आहे असे समजते.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला, तोही ईस्टरच्या सुट्टीत नमुने नेहमीपेक्षा जास्त दिवस उबवणयंत्रात राहून गेल्यामुळे. १९८४ मध्ये मार्शल यांनी जिवाणूंचे मिश्रण स्वतः प्यायले आणि त्यामुळे त्यांना अल्सर झाला, असे पुष्कळदा छापले जाते. प्रत्यक्षात त्यांना जठरदाह, म्हणजे जठराच्या अस्तराला सूज, झाला होता. अल्सरच्या बाबतीत खरा पुरावा रुग्णांवरील चाचण्यांतून मिळाला. केवळ आम्ल कमी करणारे औषध बंद केले की जखम पुन्हा उद्भवत असे, आणि जिवाणूचा नायनाट केला की ती सहसा परतत नसे. या शोधाबद्दल दोघांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जिवाणू जठरात असलेल्या बहुसंख्य लोकांना अल्सर कधीच होत नाही, त्यामुळे त्याच्याखेरीज इतर गोष्टींचाही वाटा असतो हे उघड आहे. धूम्रपानाने जखम भरायला वेळ लागतो, हे त्यांपैकी एक.

वडिलांना बरे वाटू लागले तरी गोळ्या मध्येच सोडू देऊ नका, कारण अर्धवट उपचारातून वाचलेले जिवाणू त्या औषधांना दाद देईनासे होऊ शकतात. ते सांधेदुखीसाठी किंवा हृदयासाठी काही घेत असतील, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगा, मात्र ॲस्पिरिन परस्पर बंद करू नका. उपचार संपल्यावर जिवाणू गेला की नाही याची तपासणी करावी लागते; ती प्रतिजैविके थांबून किमान चार आठवडे आणि आम्ल कमी करणारी गोळी थांबून दोन आठवडे झाल्यावर करतात, नाहीतर निष्कर्ष फसवा येतो. दरम्यान रक्ताची उलटी झाली किंवा शौचाचा रंग डांबरासारखा काळा दिसला, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे.