वाचकांचे प्रश्न : देवघरातला काळा दगड आणि डोंगरापलीकडचं नगर

मागच्या अंकात मी नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीच्या काळ्या दगडावर लिहिलं, तेव्हापासून पोस्टमन रोज काहीतरी टाकून जातोय. तीस वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, पण दगडाविषयी इतक्या जिव्हाळ्याने कुणी विचारलं नव्हतं. सगळ्या पत्रांना इथे जागा नाही, म्हणून चार निवडली.

आमच्या देवघरात सासूबाईंच्या माहेरून आलेला शाळिग्राम आहे. ओळखीच्या एका गृहस्थांनी तो मोबाइलच्या उजेडात पाहिला आणि म्हणाले, यात चक्र नाही, हा साधा दगड आहे. एकवीस हजारांत खरा मिळवून देतो. मुलगा वेगळंच सांगतो. शाळिग्राम म्हणजे मेलेला समुद्री किडा, म्हणे. मी आता पूजा कशाची करू? (एक गृहिणी, त्रिमूर्तीनगर)

ताई, एकवीस हजार अजिबात देऊ नका. शाळिग्रामाची खरेदी-विक्री करू नये, तो मिळावा किंवा द्यावा, हा जुना संकेत आहे. तो संकेत मोडून कुणी दारात आला, तर तिथेच सावध व्हायचं.

आता चक्राचं. शाळिग्राम नेपाळात मुक्तिनाथच्या परिसरात, काली गंडकीच्या पात्रात सापडतो. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. त्यात अमोनाइट नावाचा, वेटोळ्या शंखात राहणारा प्राणी होता. तो गोगलगायीपेक्षा माकुळाच्या जवळचा. मेल्यावर तो तळाच्या काळ्या चिखलात रुतला, त्याच्याभोवती चिखल घट्ट होऊन गोटा झाला. पुढे हिमालय वर आला, समुद्राचा तळ डोंगर झाला आणि नदी त्यातून हे गोटे सोडवून आणू लागली. गोटा फुटला तर आतलं वेटोळं दिसतं, नाही फुटला तर ते आतच राहतं. म्हणजे वरून चक्र दिसलं नाही एवढ्यावरून दगड खोटा ठरत नाही. खात्री करायला म्हणून तो फोडू मात्र नका! खोटे बहुधा असे ओळखू येतात : राळेचा असेल तर हातात हलका आणि कोमट लागतो. कोरलेला असेल तर वेटोळ्याच्या रेघा सगळीकडे सारख्या जाडीच्या असतात. खऱ्या अमोनाइटचं वेटोळं बाहेर येता येता रुंद होत जातं, आणि त्याच्या आडव्या कंगोऱ्यांवर नख फिरवलं तर ते अडखळत जातं.

आमच्या महाल भागातल्या घरी आजीचा शाळिग्राम आहे, आवळ्याएवढा. एका बाजूला लहानसं भोक, करंगळीचं टोकही जाणार नाही असं. आजी ताम्हणात त्याला स्नान घालायची. कोरडा असताना राखाडी दिसणारा तो दगड पाणी पडलं की एकदम काळाभोर व्हायचा, आणि भोकाच्या कडेला पांढरट वळ्या दिसायच्या. ती म्हणायची, हे वज्रकीटाने कोरलंय. परंपरेत हेच सांगतात, की वज्रकीट नावाचा किडा दगड पोखरतो आणि आत चक्र उमटवतो. मुलाला हे जरूर सांगा. दगडातल्या खुणेमागे एक जीव आहे, हे गंडकीकाठच्या लोकांना दिसलं होतं. त्यांनी त्याला आपलं नाव दिलं, आपण अमोनाइट म्हणतो. वृंदेचा शाप, विष्णूचं शिळा होणं आणि दर कार्तिकात तुळशीशी लागणारं लग्न हे त्या नावाच्या पुढचं आहे, आणि त्याला भूशास्त्राचा कसलाच अडथळा नाही. मी भूशास्त्र आणि पूजा, दोन्ही करते. शाळिग्राम भंगला तरी पूज्य राहतो, त्याला प्राणप्रतिष्ठाही लागत नाही, असं शास्त्र सांगतं. मग एका मोबाइलच्या उजेडाने त्याचं काय कमी होणार?

मॅडम, आम्ही मित्र काटोल रोडने जुनापाणीला गेलो होतो. तिथल्या गोल मांडलेल्या दगडांपैकी एक लहान काळा दगड मी आणला. त्यावर ओळीत खळगे आहेत आणि चुंबक चिकटतं. मित्र म्हणतो उल्का आहे आणि खळगे म्हणजे पुरलेल्या नगराचा नकाशा. खरं काय? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, वाडी)

बाळा, तो दगड आधी परत नेऊन ठेव, बाकीचं नंतर वाच. ज्या वर्तुळातून उचललास त्याच वर्तुळात, ज्या बाजूला होता त्याच बाजूला. नागपूरच्या आसपासची अशी अनेक वर्तुळं संरक्षित स्मारकं आहेत, त्यातला दगड हलवायला कायद्याने बंदी आहे. पण माझं म्हणणं कायद्यापुरतं नाही, ते शेवटी सांगते.

चुंबकाने फसू नकोस. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थंड झालेला लाव्हा. त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं, म्हणून जोरदार चुंबक त्याला थोडंफार चिकटतंच. सीताबर्डीच्या टेकडीचा तुकडा घे, तोही चिकटेल. बुलढाण्याच्या लोणारला खरोखर अशनी पडला, त्याने सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर पाडलं, पण तिथेही काठावर पायाखाली येतो तो बेसाल्टच.

आणि खळगे? ते माणसाने केलेले आहेत. जुनापाणीला तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत, बहुतेकांत बेसाल्टचे धोंडे कडेने रचलेले. काहींवर असे वाटीसारखे खळगे ओळीत ठोकलेले सापडतात. त्यांचा दिशांशी काही मेळ आहे का, यावर अभ्यासकांनी काम केलंय. ही वर्तुळं म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या लोकांच्या पुरण्याच्या जागा. माहुरझरीला घोड्यांची हाडं निघाली, तोंडावरच्या तांब्याच्या दागिन्यांसकट. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली, आणि जवळच राहती वस्तीही. तेव्हा तुझ्या मित्राचं अर्धं बरोबर आहे. या दगडांशेजारी माणसं राहत होती, फक्त नगरात नाही, खेड्यात.

स्टीफन हिस्लॉप हे नाव तुला नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमुळे माहीत असेल. टाकळीच्या दगडांतून गोड्या पाण्यातल्या शंखांचे जीवाश्म शोधणारा हा मिशनरी सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची वर्तुळं पाहून रात्री परतत होता. बोरीजवळ ओढ्याला पूर आला होता, त्यात तो वाहून गेला. त्या वाटेने मी बसने जाते तेव्हा ओढ्यावरून जाताना खिडकीतून खाली पाहिल्याशिवाय राहवत नाही.

आता ते शेवटचं. पंचवीसेक वर्षांपूर्वी हिंगण्याच्या बाजूला एका शेतात मी विद्यार्थ्यांना अकरा धोंड्यांचं वर्तुळ दाखवलं होतं. नवव्या धोंड्यावर पाच खळगे होते, मी त्यात बोट घालून मोजले होते. पुढच्या पावसाळ्यानंतर गेलो तर तिथे काही नव्हतं. रस्त्याच्या गिट्टीसाठी एका ठेकेदाराने धोंडे फोडून नेले होते. शेतकरी म्हणाला, ''दगडच तं होते जी.'' त्या पाच खळग्यांचं टिपण माझ्या वहीत आहे, पण कोणत्या दिशेला होते ते मी लिहून ठेवलं नव्हतं. तुझ्या हातातल्या दगडाला अजून दिशा आहे. म्हणून म्हणते, परत ठेव.

जगभर काळाच दगड पूजेला का? (धरमपेठ)

सगळीकडे काळाच नाही, नर्मदेचे बाण, म्हणजे शिवलिंग म्हणून पुजले जाणारे गोटे पाहा, तांबूस-तपकिरी असतात. तरी तुमचं निरीक्षण खोटं नाही. इसवी सनापूर्वी २०४ मध्ये रोमने आशिया मायनरमधून सिबिली देवीचा काळा दगड जहाजाने आणवला. पुढे तिसऱ्या शतकात सीरियातल्या एमेसाचा सूर्यदेवाचा शंक्वाकृती काळा दगड त्याच देवस्थानाचा पुजारी असलेल्या सम्राटाने रोममध्ये नेला. मक्केतल्या काबाच्या कोपऱ्यातला हजरे अस्वद हा काळा दगड आज चांदीच्या चौकटीत बसवलेल्या तुकड्यांच्या रूपात आहे. तो ९३० साली करमती या बंडखोर इस्लामी पंथाच्या लोकांनी उचलून नेला आणि वीसेक वर्षांनी परत आला. आणि आपला पंढरीचा सावळा. मला वाटतं काळा दगड हाताळून गुळगुळीत होतो, तेल-पाणी धरतो आणि त्यावर हातांची माया दिसते. हे माझं मत आहे, याला पुरावा मागू नका.

माझे आजोबा दरवर्षी नागपंचमीला नागद्वारीला जायचे. म्हणायचे, ''तथी गुफेच्या मांगं मोठं नगर हाये.'' आता मोबाइलवर दाखवतात की पचमढीपासून हिमालयापर्यंत भुयार आहे, आत अगार्था नावाचं नगर आहे, शंभाला आहे, तिथे चिंतामणी नावाचा काळा दगड आहे. आजोबा हेच सांगत होते का? (सावनेर)

नाही. तुमचे आजोबा त्यांचं स्वतःचं सांगत होते, त्यात हे मिसळू नका.

अगार्था हे नाव आपल्या पुराणांत नाही. १९व्या शतकात काही फ्रेंच लेखकांनी ते भारताच्या नावावर खपवलं. शंभाला मात्र आपलं : कल्की शंभल गावी जन्मेल असं पुराणं सांगतात, आणि अकराव्या शतकाच्या सुमाराच्या कालचक्र तंत्र या बौद्ध ग्रंथात ते हिमालयापलीकडचं गुप्त राज्य होतं. १९२०च्या दशकात रशियन चित्रकार निकोलस रोरिक मध्य आशियात फिरला, त्याच्या लिहिण्या-चितारण्यात शंभालाही आली आणि चिंतामणीही. पुढे तो कुलूजवळ नग्गरला राहिला. हे सगळं उत्तरेचं. पचमढीशी त्याचा संबंध मोबाइलनेच जोडला.

मी १९८६ साली वडिलांबरोबर नागद्वारी केली. पावसात सातपुड्याच्या वाळूच्या दगडावर पाय ठरत नव्हते, पुढच्याच्या काठीचं टोक धरून उतरलो. पद्मशेषाच्या गुहेत वाकून शिरलं की शेंदराचा आणि ओल्या दगडाचा वास येतो, भिंत हाताला गार लागते, आणि मागून रांग ढकलत असते. काजरी गावाची कथा तिथेच ऐकली. मूल झालं तर नागदेवाच्या डोळ्यांत काजळ घालीन असा नवस एका बाईने केला, आणि फेडायला गेली तेव्हा देवाचं रूप पाहूनच तिचा प्राण गेला. ज्या कथेत नवस फेडायला इतकं काळीज लागतं, तिथलं नगर भुयाराने गाठता येत नाही. शेजारच्या छिंदवाड्यातलं पाताळकोटही तसंच. बारा गावांची ती खोल दरी, भारिया लोकांची. मेघनाद तिथून पाताळात गेला असं तिथले लोक सांगतात.

खरोखर जमिनीखाली गेलेली राजधानी बघायची असेल तर रामटेकजवळ नगरधनला जा. वाकाटकांचं नंदिवर्धन ते हेच. २०१५ ते २०१८ मध्ये तिथे उत्खनन झालं, त्यात प्रभावतीगुप्तेच्या नावाचा मातीचा लहानसा शिक्का निघाला, त्यावर शंख आहे. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी नवऱ्यामागे इथे राज्य चालवत होती.

पण त्याआधी एक करा. आजोबांबरोबर यात्रेला जाणारं त्यांच्या पिढीचं कुणी सावनेरात असेल, तर त्यांच्याकडे जाऊन बसा. ते नगर कोणत्या बाजूला आहे, तिथे काय दिसतं, कुणी पाहिलं, हे त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या आणि मला पाठवा. ते जसंच्या तसं छापू.