वाचकांचे प्रश्न : पाचारण (सेवेसाठी देवाचं बोलावणं) आणि राजीनामा

प्रश्न : वय 38, नोकरी उत्तम. वर्षभर प्रार्थनेत एकच गोष्ट मनात येते : हे सोडून आजारी, निराधार माणसांच्या सेवेला लागावं. 'जा, तुझं असेल नसेल ते विकून टाक' हे वचन वाचलं की झोप उडते. पत्नी म्हणते, जरा थांबा. राजीनामा देऊ का?

उत्तर : इतक्यात नको. ते वचन (बायबल, मार्क 10:21) प्रभू येशूने एका श्रीमंत माणसाला सांगितलं. जक्कय या श्रीमंत जकातदाराने अर्धी मालमत्ता देऊ केली, तर उरलेल्या अर्ध्याचा हिशेब कुणी मागितला नाही. मार्था आणि मरीया या बहिणींचं घर तर प्रभूच्याच उपयोगी पडलं. तेव्हा तुम्हाला नेमकं काय सोडायचंय, ते आधी पाहा.

पत्नीची शंका म्हणजे सैतानाची आडकाठी, असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. मिशनरी विल्यम केरी 1793 साली भारताकडे निघाले तेव्हा पत्नी डोरोथी यांची तयारी नव्हती. अगदी ऐनवेळी त्या निघाल्या. पुढच्याच वर्षी त्यांचा लहानगा पीटर गेला, आणि त्यांचं मन ढासळलं ते पुन्हा सावरलं नाही. केरींचं काम थोर, पण ही किंमतही मोजायला हवी.

आता परीक्षा. ज्या कामाला जायचंय, त्याच प्रकारच्या कामाला नोकरी सांभाळून सहा महिने जा. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरलेली, न चुकता. गाणी म्हणण्याचं, भाषणाचं काम घेऊ नका. रुग्णाची चादर बदलणं, त्याला कुशीवर वळवून पाठ पुसणं, औषधांची नोंदवही भरणं, हे मागून घ्या. दोन महिन्यांनी नवलाई ओसरते. कुणी आभार मानत नाही, उलट एखादा रुग्ण खेकसतो. तरीही पुढच्या आठवड्यात जावंसं वाटलं, तर पाचारणात तथ्य आहे. मग तिघांना विचारा : पाळक (चर्चचे धर्मगुरू), त्या कामाचा प्रमुख आणि तुमचा राग घरात पाहिलेलं कुणीतरी. बर्णबा आणि शौल (पुढचा पौल) या पहिल्या प्रचारकांनाही अंत्युखिया शहरातल्या मंडळीने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाने, उपास-प्रार्थना करून पाठवलं होतं. ते आपले आपण उठून गेले नाहीत.

पैशाचं गणितही याच काळात करा. संस्था जेवढं मानधन देणार, तेवढ्यातच तीन महिने घर चालवून बघा. उरलेला पगार बाजूला टाका. क्रेडिट कार्ड आणि वैयक्तिक कर्ज फेडल्याशिवाय निघू नका, कारण हप्ते थकले की माणूस सेवेतही देणगीदारांकडे आशाळभूतपणे बघू लागतो. सहा महिन्यांचा खर्च हाताशी हवा. कंपनीचा आरोग्य विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना अनेकदा प्रतीक्षाकाळ असतो. म्हणून स्वतःची पॉलिसी राजीनाम्याच्या बरीच आधी घ्या.

संस्थेकडून लेखी घ्या : मानधन, रजा, उपचारांचा खर्च, तुम्ही कुणाला जबाबदार, आणि काम सोडायचं झाल्यास काय. 'देव पुरवील' एवढंच उत्तर मिळालं तर नम्रपणे नमस्कार करून परत या. मुलांमध्ये काम असेल आणि संस्थेने तुमची पार्श्वभूमी तपासलीच नाही, तर तिथे मुळीच जाऊ नका.

प्रश्न : वृद्ध आई माझ्यावरच अवलंबून आहे. सेवेसाठी तिला भावाकडे सोपवणं चूक आहे का?

उत्तर : भाऊ आणि आई दोघंही मनापासून तयार असतील तर नाही. पण 'कुर्बान' म्हणून, म्हणजे देवाला वाहिलं असं सांगून, आईवडिलांचा वाटा टाळणाऱ्यांना प्रभूने फटकारलं होतं (मार्क 7:11). तिचा औषधखर्च तुमच्या नव्या मानधनातून निघतो का, ते आधी मांडून पाहा. निघत नसेल तर जवळपासचं अर्धवेळ काम शोधा. प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरत होता आणि प्रचारही करत होता.

प्रश्न : आठ महिन्यांत थकून परत आले. मंडळीत तोंड दाखवायची लाज वाटते.

उत्तर : पौलाच्या प्रचारफेरीतला सोबती योहान मार्क पंफुल्या प्रांतातून अर्ध्यावर परतला होता, पुढे त्याच पौलाने 'तो सेवेसाठी मला उपयोगी आहे' असं लिहिलं (2 तीमथ्य 4:11). कारण मात्र शोधा. बहुतेकदा आठवड्याची सुट्टी घेतलेली नसते, किंवा मन मोकळं करायला कामाबाहेरचं कुणी नसतं. आधी डॉक्टरकडून तपासणी करून घ्या. सततचा थकवा रक्तक्षय, थायरॉइड किंवा नैराश्यामुळेही येतो आणि त्यावर उपचार आहेत. परत जायचं ठरलंच, तर आठवड्याचा सुट्टीचा वार आधी लेखी ठरवून घ्या.