जिवाला लागलेला घोर आणि अर्धी गोळी

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. घरी कशाचीही ददात नाही, तरीही दीड वर्षापासून जिवाला सतत घोर लागलेला असतो. मुलगा पुण्याला वसतिगृहात राहतो. त्याचा रात्रीचा फोन दहा मिनिटे लांबला, तरी माझ्या पोटात खड्डा पडतो. फोन येऊन गेला, की यजमानांच्या रक्तदाबाची काळजी सुरू होते आणि ती ओसरली, की शाळेच्या तपासणीची. मान आणि खांदे आखडलेले असतात, पहाटे तीनला जाग येते. ईसीजी आणि टू-डी इको नॉर्मल आले. आमच्या डॉक्टरांनी झोपेसाठी अल्प्राझोलमची अर्धी गोळी दिली, ती आठ महिने चालू आहे. आता ते मनोविकारतज्ज्ञांना भेटा म्हणतात. घरचे म्हणतात, 'तुला काय कमी आहे? त्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत.' शाळेत कळले तर काय, हीही धास्ती आहे. मी काय करावे?
— एक वाचक, कराड

उत्तर : तुमच्या घरच्यांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण तो प्रश्न तुम्हीही स्वतःला रोज विचारत असणार. उपचार घेण्यासाठी काहीतरी कमी असावेच लागते, हा समजच चुकीचा आहे. मधुमेह झालेल्या माणसाला आपण 'तुला काय कमी आहे' असे विचारत नाही. तुम्ही वर्णन केलेल्या त्रासात काळजीचा विषय दर तासाला बदलतो, काळजी मात्र तीच राहते. म्हणूनच एक कारण मिटले, तरी दुसरे त्याच्या जागी लगेच उभे राहते. 'मन चिंती ते वैरी न चिंती' असे आपल्याकडे म्हणतात, ते या आजाराला तंतोतंत लागू पडते. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ, बहुतेक दिवस, आवरता न येणारी काळजी आणि तिच्या जोडीला झोपमोड, थकवा, चिडचिड, स्नायूंचा ताठरपणा असे त्रास असतील आणि त्यामुळे रोजचे जगणे अडत असेल, तर त्याला जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर, म्हणजे सार्वत्रिक चिंताविकार, म्हणतात. निदान तज्ज्ञांनी प्रत्यक्ष तपासूनच करायचे असते. पण तुमचे पत्र वाचून, भेट पुढे ढकलू नका, एवढे मी नक्की सांगेन.

आता गोळीविषयी, कारण इथे भीती भलत्याच औषधाला चिकटली आहे. ज्या गटातील औषधांची सवय लागू शकते, त्याच गटातील अल्प्राझोलम तुम्ही आठ महिने घेत आहात. त्याने तासाभरात बरे वाटते आणि म्हणूनच ते सोडणे अवघड जाते. थोड्या दिवसांच्या आधारासाठी ते उपयोगी असते, महिनोन्‌महिने घेण्यासाठी नव्हे. मात्र हे वाचून उद्यापासून ती अर्धी गोळी बंद करू नका. एकदम थांबवल्यास घबराट आणि निद्रानाश उसळतो, क्वचित फिटही येऊ शकते. डॉक्टर तिची मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतील.

मूळ उपचारासाठी बहुधा एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन यांसारखे औषध दिले जाते. त्याची नशा होत नाही आणि ते घेण्याची ओढही लागत नाही. फक्त तेही एकाएकी सोडायचे नसते. नेमक्या ज्या टप्प्यावर बरेच लोक उपचार सोडून देतात, तो आधीच सांगून ठेवतो. पहिले आठ-दहा दिवस मळमळते, काहींना अस्वस्थता वाढल्यासारखी वाटते आणि गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी जाणवतो आणि फायदा मागाहून येतो. या काळात डॉक्टरांना फोन करा, गोळ्या कपाटात ठेवून देऊ नका. बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवतात, नाहीतर त्रास उलटण्याची शक्यता वाढते.

औषधाइतकाच प्रभावी दुसरा उपचार म्हणजे सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती. ती साधारण बारा ते पंधरा बैठकांची असते आणि तिच्यात नुसता धीर दिला जात नाही, काम दिले जाते. उदाहरणार्थ, फोन लांबला, की वहीत लिहायचे : 'रात्री ९.१०. त्याला अपघात झाला असणार.' खाली लिहायचे : '९.२५. मेसमध्ये रांग होती.' दोन-तीन आठवड्यांनी ती पाने तज्ज्ञांसमोर बसून स्वतःच्या अक्षरात वाचली, की आपले मन कसे भाकीत करते, हे जितके स्पष्ट दिसते, तितके 'काळजी करू नकोस' हे शंभरदा ऐकूनही कळत नाही. फोन आला नाही म्हणून लगेच आपण लावायचा नाही, ती पंधरा मिनिटे तशीच जाऊ द्यायची, हाही या उपचाराचाच भाग असतो आणि तो सर्वांत कठीण असतो.

पहिल्या भेटीला जाताना जुने रिपोर्ट आणि चालू गोळीची चिठ्ठी न्या. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासले नसेल, तर ते करून घ्या. तुमच्या वयात पाळीतील बदलांविषयीही मोकळेपणाने सांगा, चहा-कॉफी किती होते तेही सांगा. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे अल्प खर्चात तपासणी होते. जाण्याआधी कोणाशी मराठीत बोलावेसे वाटले, तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. जगणे नकोसे वाटण्याचे विचार कधी आलेच, तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. शाळेचे म्हणाल, तर मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार तुमच्या उपचाराची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरांना बंधनकारक आहे.

शक्य असेल, तर यजमानांना सोबत न्या. गोळी सुटेल की नाही, हा प्रश्न त्यांनीच डॉक्टरांना विचारू दे. उत्तर त्यांच्या कानांवर थेट पडले, तर घरी तुम्हाला स्वतःची बाजू मांडत बसावे लागणार नाही.